आयात ड्युटी कमी झाली की नेमकं कोणाचं काय होतं?

३० मे २०२५ ला केंद्र सरकारने कच्चं पामतेल, सोयाबीन तेल आणि सूर्यफूल तेलावरची बेसिक कस्टम ड्युटी २० टक्क्यांवरून १० टक्के केली. अशी बातमी आली की नाशिकच्या रविवार कारंजावरच्या किराणा दुकानात गिऱ्हाईक पहिलं हेच विचारतं, काय हो शेठ, डबा उतरणार ना आता? आणि तीच बातमी निफाड-येवल्याकडच्या शेतकऱ्याच्या मोबाईलवर जाते तेव्हा तो सोयाबीनचं बियाणं आणायच्या तयारीत असतो, आणि त्याला वाटतं की आता दिवाळीला भाव मिळणार का नाही. बातमी एकच आहे, आणि खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर आहे. मला या विषयावर लिहावंसं वाटतं ते यासाठीच, कारण टीव्हीवर "स्वस्त होणार" एवढंच सांगतात, बाकीची अर्धी गोष्ट कोणी सांगत नाही आणि नाशिकसारख्या जिल्ह्यात तर शेती पण आहे, कारखाने पण आहेत, माग पण आहेत, त्यामुळे ती अर्धी गोष्ट आपल्या घरापर्यंत येते.

आधी ड्युटी बसते कशी ते बघू, कारण "१० टक्के कमी" म्हणजे दुकानात १० टक्के कमी असं होत नाही. समजा न्हावाशेवाला १०० रुपयांचं कच्चं तेल उतरलं. आधी त्यावर २० रुपये बेसिक ड्युटी, ५ रुपये कृषी सेस, आणि या दोन्हींच्या बेरजेवर १० टक्के समाजकल्याण अधिभार म्हणजे अडीच रुपये, असे एकूण साडेसत्तावीस रुपये लागायचे. आता बेसिक १०, सेस ५, अधिभार दीड, असे साडेसोळा रुपये. म्हणजे जे तेल १२७.५० ला पडत होतं ते ११६.५० ला पडायला लागलं, ११ रुपयांचा फरक, टक्केवारीत काढला तर साधारण साडेआठ. आणि हे झालं बंदरावरचं. त्यानंतर रिफायनिंग, पाऊच भरणं, कसारा घाट चढून येणारा ट्रक, डीलरचं मार्जिन, दुकानदाराचं मार्जिन, यातला एक रुपयाही ड्युटीबरोबर कमी होत नाही. समजा १५० रुपयांच्या पिशवीत आयात तेलाचा ड्युटीसकट खर्च १२० रुपये असेल, तर सगळ्यांनी अगदी इमानदारीने सगळी कपात पुढे दिली तरी पिशवी १४० ला यायला पाहिजे, १३५ ला नाही.

पण सगळी कपात पुढे येते का? बऱ्याचदा नाही येत, आणि त्यात दरवेळी दुकानदाराचीच चूक असते असं पण नाही. त्याच्याकडे जुन्या भावाचा माल पडलेला असतो. रुपया घसरला तर ड्युटीत वाचलेलं तिकडे जातं. आणि एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते, भारत हा जगातला सगळ्यात मोठा खाद्यतेल आयात करणारा देश आहे, त्यामुळे आपण ड्युटी कमी केली की इंडोनेशिया-मलेशियातल्या विकणाऱ्यांना कळतं की आता इथून मागणी वाढणार, मग तेच भाव थोडा वर नेतात आणि आपल्या सरकारने सोडलेल्या पैशातला काही भाग सरळ तिकडच्या विक्रेत्याच्या खिशात जातो. छोट्या देशाचं असं होत नाही, त्याच्या खरेदीने जगाचा भाव हलत नाही.

मधले लोक पण आपला वाटा ठेवतात. पिनेलोपी गोल्डबर्ग, अमित खंडेलवाल वगैरे अर्थतज्ज्ञांनी भारतातल्या १९९१ नंतरच्या ड्युटी कपातीचा अभ्यास केला, त्यात असं दिसलं की कच्च्या मालावरची ड्युटी घटल्यामुळे कंपन्यांचा खर्च चांगलाच कमी झाला, पण विक्रीच्या किमती त्या मानाने कमी झाल्या नाहीत, फरक कंपन्यांच्या मार्जिनमध्ये राहिला. हे माझ्या मते फार महत्त्वाचं आहे. ड्युटी कमी करणं म्हणजे सरकारने पैसा सोडणं, पण तो पैसा कोणाकडे जाणार हे बाजारात स्पर्धा किती आहे त्यावर ठरतं. जिथे चार-पाच कंपन्यांचाच धंदा आहे तिथे गिऱ्हाईकापर्यंत यायला वेळ लागतो. उलट सोनं बघा, २३ जुलै २०२४ च्या बजेटमध्ये सोन्यावरची ड्युटी १५ वरून ६ टक्के झाली आणि आपल्या सराफ बाजारात भाव लगेच उतरला, कारण सोन्याचा भाव रोज उघड असतो, सगळ्यांना माहीत असतो, लपवायला जागाच नाही. (नंतर सोनं परत चढलं ते जगाच्या भावामुळे, ड्युटीमुळे नाही. तेव्हा कपात नसती तर आणखी चढं दिसलं असतं एवढंच.) त्याच बजेटमध्ये मोबाईलवरची ड्युटी २० वरून १५ झाली, पण आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक फोन आता इथेच जोडले जातात, म्हणून साध्या फोनच्या किमतीत फारसा फरक पडला नाही.

आता सोयाबीनवाल्या शेतकऱ्याकडे येऊ. त्याच्यासाठी ड्युटी म्हणजे भावाची मागची भिंत. बाहेरचं तेल ड्युटी धरून ज्या भावाला पडतं, त्याच्यावर गिरणीवाला त्याच्या सोयाबीनला पैसे देऊच शकत नाही, ड्युटी उतरली की ती भिंत खाली येते. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि बाजार समित्यांमध्ये भाव त्याच्या खाली चालला होता, हे लासलगावला माल नेणाऱ्या कोणालाही विचारा. आणि तेव्हा ड्युटी जास्त होती, सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने ती वाढवलेली होती, कच्च्या तेलावर एकूण साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्के. म्हणजे भिंत उंच असतानाही भाव पडला, कारण भाव फक्त तेलावर ठरत नाही, सोयाबीनमध्ये तेल कमी आणि पेंड जास्त असते, पेंडीला मागणी नसली की सोयाबीन पडतंच. हे सांगतोय कारण ड्युटी वाढवली की शेतकरी आपोआप सुखी, असंही नाही. पण भाव आधीच हमीभावाच्या खाली असताना भिंत आणखी उतरवणं, आणि ते पण पेरणीच्या तोंडावर, हे मला अजिबात पटत नाही.

यात एक जुना इतिहास आहे तो आपल्या पिढीने विसरू नये. १९८६ मध्ये तेलबियांसाठी टेक्नॉलॉजी मिशन सुरू झालं, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळपास स्वयंपूर्ण झाला होता. मग १९९४ मध्ये पामोलिनची (म्हणजे रिफाइंड पामतेलाची) आयात खुली केली, तेव्हा ड्युटी ६५ टक्के होती. ती पुढच्या वर्षी ३० झाली, मग २०, आणि १९९८ पर्यंत १५. आज आपल्या गरजेच्या निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. गिऱ्हाईकाला तेव्हा स्वस्त तेल मिळालं हे खरं आहे, गरीब घरात तेल जास्त खाल्लं जायला लागलं हेही खरं आहे, आणि त्याला मी वाईट म्हणणार नाही. पण त्याची किंमत अशी की आता जकार्तामध्ये सरकारने काही ठरवलं की पंचवटीतला वडेवाला अडचणीत येतो. एप्रिल २०२२ ला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली होती तेव्हा हे सगळ्यांनी बघितलं.

मे २०२५ च्या निर्णयात एक गोष्ट मात्र चांगली होती आणि तिच्याबद्दल कमी बोललं गेलं. कच्च्या तेलावरची ड्युटी उतरवली पण रिफाइंडवरची तशीच ठेवली, ३५.७५ टक्के. आधी दोन्हींत सव्वाआठ टक्क्यांचा फरक होता तो सव्वाएकोणीस झाला. आधीच्या कमी फरकात बाहेरूनच रिफाइंड तेल आणून विकणं परवडत होतं, वर नेपाळमार्गे सार्क देशांच्या करारात शून्य ड्युटीने रिफाइंड तेल येत होतं ते वेगळंच, आणि आपल्या रिफायनऱ्या रिकाम्या बसत होत्या. आता कच्चं आणून इथे रिफाइन करणं फायद्याचं झालं, म्हणजे काम इथे राहिलं. तर ड्युटी किती आहे यापेक्षा कच्च्या आणि तयार मालातला फरक किती आहे हे बघायची सवय लावून घ्यायला पाहिजे, आणि हाच मुद्दा नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांना लागू होतो, तो जरा निवांत समजून घेऊ.

समजा अंबड एमआयडीसीत एका शेडमध्ये गाडीचा एक पार्ट बनतो. जगात त्या पार्टची किंमत १,००० रुपये, त्याला लागणारं स्टील वगैरे माल ६०० रुपयांचा. म्हणजे कारखानदाराकडे मजुरी, वीज, बँकेचा हप्ता आणि नफा यासाठी ४०० उरतात, बाहेरच्या देशातल्या कारखानदाराकडे पण तेवढेच. आता आपल्याकडे तयार पार्टवर १० आणि मालावर पण १० टक्के ड्युटी आहे. आपला माणूस पार्ट १,१०० पर्यंत विकू शकतो, माल त्याला ६६० ला पडतो, उरले ४४०. ठीक चाललंय. मग सरकारने तयार पार्टवरची ड्युटी ५ केली आणि मालावरची तशीच ठेवली. आता विक्री १,०५०, माल ६६०, उरले ३९०. बघा, कागदावर अजून ५ टक्के संरक्षण दिसतंय पण आपला माणूस बाहेरच्यापेक्षा १० रुपयांनी मागे गेला, म्हणजे ड्युटीच नसती तर बरा राहिला असता. आणि उलट केलं, तयार मालावर १० ठेवून कच्च्या मालावर शून्य, तर १,१०० वजा ६००, हातात ५०० रुपये. यातल्या मधल्या प्रकाराला इनव्हर्टेड ड्युटी किंवा उलटी ड्युटी म्हणतात, जेव्हा कच्च्या मालावर जास्त आणि तयार मालावर कमी असते, आणि छोटे कारखानदार वर्षानुवर्षं ओरडतात ते याच्याच नावाने. एखाद्या देशाशी करार झाला, तयार वस्तू शून्य ड्युटीने यायला लागली, पण तिचा कच्चा माल दुसऱ्याच देशातून येतो आणि त्याच्यावर पूर्ण ड्युटी, की झालं, शेडवाला अडकला.

स्टीलचं उदाहरण ताजं आहे. एप्रिल २०२५ मध्ये काही प्रकारच्या फ्लॅट स्टीलवर २०० दिवसांसाठी १२ टक्के सेफगार्ड ड्युटी लावली, स्वस्त आयातीपासून देशातल्या स्टील कंपन्या वाचवायला. मोठ्या स्टील प्लांटसाठी ते बरोबर असेल, पण आपल्या नाशिकला स्टील बनवणारे कमी आणि स्टील वापरणारे जास्त. प्रेस शॉप, फॅब्रिकेशन, पॅनल बनवणारे, महिंद्रा आणि बॉश सारख्यांच्या साखळीत पार्ट पुरवणारे छोटे व्हेंडर, यांना शीट महाग पडली तरी मोठी कंपनी लगेच रेट वाढवून देत नाही. स्टीलवाल्यांच्या संघटना दिल्लीत बोलू शकतात, दहा कामगारांच्या शेडचा मालक तिथे जाऊन बोलणार कधी, त्याला डिस्पॅच सांभाळायचं असतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की ड्युटी कमी करायचीच असेल तर सुरुवात कच्च्या मालापासून आणि मशिनरीपासून करावी. याला नुसत्या मताचा नाही तर पुराव्याचा आधार आहे. २४ जुलै १९९१ च्या बजेटमध्ये मनमोहन सिंगांनी ड्युटीचा वरचा दर १५० टक्क्यांवर आणला, त्याआधी काही वस्तूंवर तो ३०० च्या पण वर होता, हे आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. १९९५-९६ पर्यंत तो ५० वर आला आणि २००७-०८ मध्ये कारखानी मालासाठी १० वर. गोल्डबर्ग मंडळींच्याच दुसऱ्या अभ्यासात असं निघालं की नव्वदच्या दशकात भारतीय कंपन्यांनी जी नवी उत्पादनं काढली त्यातल्या जवळपास ३१ टक्क्यांचं कारण कच्च्या मालावरची घटलेली ड्युटी हे होतं. म्हणजे नुसता जुना माल स्वस्तात बनवला असं नाही, जे पार्ट, जी केमिकलं, जे मिश्रधातू आधी मिळतच नव्हते ते मिळाले आणि नवीन वस्तू बनवता आल्या. शेडमध्ये चांगली सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी) मशीन परवडणं याचा अर्थ हाच असतो.

पण त्याच काळाचा दुसरा अभ्यास पण सांगायला पाहिजे, नाहीतर मी पण टीव्हीवाल्यांसारखं अर्धंच सांगितल्यासारखं होईल. अर्थतज्ज्ञ पेटिया टोपालोवा यांनी भारतातल्या जिल्ह्यांची तुलना केली. देशात एकूण गरिबी कमी होत होती, पण ज्या ग्रामीण जिल्ह्यांतले धंदे ड्युटी कपातीच्या तडाख्यात जास्त सापडले तिथे ती इतरांपेक्षा हळू कमी झाली. कारण सरळ आहे, पुस्तकात लिहिलेलं असतं की एक धंदा बसला की कामगार दुसऱ्या धंद्यात जाईल, पण माणूस इतक्या सहज हलत नाही, घर इथे, पोरांची शाळा इथे, आईवडील इथे, हातातलं कौशल्य एकाच मशीनचं. फायदा १४० कोटी लोकांत पाच-दहा रुपयांनी वाटला जातो, तो कोणाला जाणवत पण नाही, आणि तोटा एखाद्या तालुक्यावर, एखाद्या गल्लीवर सगळा एकदम पडतो. हिशोबाच्या वहीत फायदा मोठा असू शकतो, बऱ्याचदा असतोच, पण ज्याच्यावर तोटा पडला त्याला त्या फायद्यातून काही मिळत नाही, आणि आपल्याकडे ते द्यायची नीट व्यवस्थाच नाही.

येवल्याची पैठणी घ्या. विणकराला रेशीम स्वस्त हवं, आणि कच्च्या रेशमावरची ड्युटी २०११ च्या बजेटमध्ये ३० वरून थेट ५ टक्के केली तेव्हा माग चालवणाऱ्यांचा फायदाच होता. पण कर्नाटकात रामनगरला कोष विकणारा शेतकरी त्याने हैराण झाला, आणि २०१३ ला ड्युटी परत १५ केली. एकाचा कच्चा माल हे दुसऱ्याचं पीक असतं, इथे कोणतीही रेघ ओढली तरी कोणीतरी पलीकडे राहतोच.

वाईनचं मात्र वेगळं झालं. बाहेरच्या वाईनवर १५० टक्के ड्युटी, त्या आडोशाने दिंडोरी-गंगापूरकडची वायनरी उभी राहिली, शेतकऱ्यांनी वाईनची द्राक्षं लावली, बाहेरून लोक वाईन टूरिझमला यायला लागले. ऑस्ट्रेलियाबरोबरचा करार २९ डिसेंबर २०२२ ला लागू झाला, त्यात ५ डॉलरच्या वर आयात किंमत असलेल्या बाटलीवरची ड्युटी लगेच १०० टक्के आणि १० वर्षांत ५० पर्यंत उतरणार, १५ डॉलरच्या वरच्या बाटलीवर लगेच ७५ आणि १० वर्षांत २५. पाच डॉलरच्या खालच्या बाटलीला सवलतच नाही. म्हणजे अगदी स्वस्त बाहेरची वाईन येऊन इथली साधी बाटली मारणार नाही, पण वरच्या दर्जाच्या बाटलीला इथल्या वायनरीला स्पर्धा करावीच लागणार, आणि किती करावी लागणार हे वर्षावर्षाला आधीच लिहून ठेवलंय. ब्रिटनबरोबर २४ जुलै २०२५ ला सही झालेल्या करारात व्हिस्कीचं पण असंच आहे, १५० वरून ७५ आणि मग १० वर्षांत ४०. मला ही पद्धत आवडते. वेल लावल्यावर पीक हाती यायला दोन-तीन वर्षं जातात, मग बाग ठेवायची का काढायची हे ठरवायला शेतकऱ्याला तेवढी मुदत नको का?

आणि दुसऱ्याने ड्युटी लावली की आपल्याला काय वाटतं हे नाशिककराला वेगळं सांगायला नको. बांगलादेशाने द्राक्षावर शुल्क वाढवलं की निफाडचा बागायतदार कळवळतो. कांद्यावर तर आपल्याच सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली, आणि शुल्क पूर्ण निघालं ते १ एप्रिल २०२५ ला. ती निर्यात ड्युटी आहे, आयातीची नाही, पण तर्क तोच, शहरातल्या गिऱ्हाईकाला स्वस्त मिळावं म्हणून शेतकऱ्याचा भाव खाली ठेवायचा. तेल, डाळ, कांदा सगळीकडे हे एकाच बाजूला झुकतं, आणि झुकतं ते एका रात्रीत.

सरकारच्या तिजोरीचं थोडक्यात सांगतो. १९९०-९१ मध्ये केंद्राच्या एकूण करात कस्टमचा वाटा एक तृतीयांशापेक्षा जास्त होता, आता तो अगदी छोटा राहिलाय, प्राप्तिकर आणि जीएसटीने जागा घेतली. त्यामुळे "ड्युटी कमी केली तर सरकार चालणार कसं" ही भीती आज पूर्वीइतकी खरी नाही, शिवाय सोन्यासारख्या वस्तूत ड्युटी उतरली की चोरटी आयात परवडेनाशी होते.

माझा राग आहे तो वेळापत्रकावर. व्हिस्कीला आणि वाईनला १० वर्षांची पायरी पायरीने मुदत, आणि कापसाला? १९ ऑगस्ट २०२५ ला कापसावरची ११ टक्के आयात ड्युटी काढली, सांगितलं की ३० सप्टेंबरपर्यंतच, आणि काही दिवसांतच ती सूट ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. कारण समजतं, अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ जाहीर केला होता, कापड गिरण्यांना श्वास घ्यायला जागा हवी होती, मालेगावच्या मागांना पण सूत स्वस्त मिळालं तर हवंच आहे. पण कापूस तेव्हा शेतात उभा होता, शेतकऱ्याने पेरताना ड्युटी धरून हिशोब केला होता, आणि वेचणी सुरू होते ऑक्टोबरच्या सुमारास, म्हणजे नवा माल बाजारात यायच्या पहिल्याच तीन महिन्यांत बाहेरचा कापूस बिनड्युटीचा. गिरण्यांना मदत करायची होती तर सूट सप्टेंबरलाच संपवता आली असती, किंवा ठराविक गाठींपुरती देता आली असती. निदान एवढा तरी नियम करावा की ज्या पिकाला हमीभाव आहे त्याच्या ड्युटीत बदल करायचा तर तो पेरणीच्या दोन महिने आधी जाहीर करायचा, आणि बाजारातला भाव हमीभावाच्या खाली असेल तर त्या हंगामात ड्युटी उतरवायचीच नाही.